नुसत्या रँकिंगवर नका जाऊ

इंदूरात पहाटे मॅच बघून पोहे-जिलबी खायला निघालो की आमच्यात हाच वाद, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधली कोणती टीम उगाच डोक्यावर चढवलीये. एपी पोल, म्हणजे एपी वृत्तसंस्थेचं रँकिंग, ही शेवटी पत्रकारांची मतं, ते सोडा. आधी बघा हरवलंय कोणाला आणि कुठे, घरच्या कोर्टवर लिंबूटिंबूंना धुणारे ढीगभर असतात. मग दर १०० पझेशनला (बॉल हातात आल्यापासून समोरच्याकडे जाईपर्यंत एक पझेशन) किती पॉइंट केले अन् किती दिले ते काढा, कारण नुसता स्कोर फसवतो, हळू खेळणारी टीम ६० च करते पण भारी असू शकते. सगळं थ्रीवरच, म्हणजे लांबून मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटवरच चाललंय? सांभाळून. एवढं करूनही २०२३ ला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १६ व्या सीडच्या (सीड म्हणजे स्पर्धेआधी दिलेला क्रमांक, पहिला सगळ्यात भारी) फेअरली डिकिन्सननं पहिल्या सीडच्या पर्ड्यूला ६३-५८ नं उडवलंच, माझी जिलबीची पैज गेली.