शुभार्थींना समितीवर घेताय? आधी हे वाचा

एका मानसिक आरोग्य केंद्राच्या सुधारणा समितीवर मला पहिल्यांदा घेतलं, तेव्हा मला विचारलेला पहिला प्रश्न होता: बाहेर थांबायच्या खोलीला आकाशी रंग द्यायचा की पिस्ता? ओपीडीच्या वेळा, पैसे कुठे खर्च करायचे, कोणाला नेमायचं, सगळं आधीच ठरलं होतं. माझ्यासाठी रंग उरला होता. अकरा जणांत मी एकटीच शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेली पेशंट. मी आकाशी म्हटलं आणि घरी जाताना मला फार अपमान वाटला.

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मोजक्या माणसांना समितीवर खुर्ची द्यायची, पण निर्णय आपल्याच हातात ठेवायचे, हा प्रकार त्यांनी पाचव्या पायरीवर ठेवला होता: नुसती समजूत काढणं. मी त्याच पायरीवर बसले होते. तुमच्या केंद्रात असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रश्न ठरायच्या आधी आम्हाला बोलवा. ‘या तीन पर्यायांतला कोणता हवा?’ असं विचारू नका, ‘इथे येताना कुठे अडतं?’ असं विचारा. मी नऊ वर्षं लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, घेते आहे. त्याची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासायची असते. आमच्या केंद्रात रक्त सकाळी आठ ते नऊ एवढंच घेत. रात्री साडेदहाला गोळी घेणाऱ्याचे तोवर साडेनऊ-साडेदहा तासच होतात, मग पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि त्या आकड्यावर डोस कमी होऊ शकतो. डॉक्टरांना बारा तासांचा नियम पाठ होता, लॅबला आपली वेळ माहीत होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगावर येतात, हे त्या माणसालाच माहीत होतं. मोकळा प्रश्न विचारल्यावर दहा मिनिटांत हे बाहेर आलं आणि लॅबची वेळ अकरापर्यंत वाढली.

आता बोलवायचं कोणाला? नियमित येणारे, आभार मानणारे पेशंट पटकन आठवतात. त्यांना बोलवाच, पण जे यायचे बंद झाले त्यांनाही शोधा. ज्यांना मनाविरुद्ध दाखल केलं गेलं त्यांना तर नक्कीच. निमंत्रण मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी देऊ नये. ज्याच्या हातात माझं प्रिस्क्रिप्शन आहे त्याला मी ‘नाही’ कसं म्हणू? फोन दुसऱ्या कोणी करावा, आणि आलात किंवा नाही आलात तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगावं.

शुभार्थी आणि शुभंकर यांच्या खुर्च्या वेगळ्या ठेवा. काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी मराठीत ‘शुभंकर’ हा किती सुंदर शब्द घडला आहे! पण त्यांचं म्हणणं आमचं म्हणणं नसतं. मी गोळी चुकवली तर केंद्राने आईला कळवावं, असं आईला वाटतं. माझ्याबद्दलची गोष्ट आधी मला विचारून मग बाहेर जावी, असं मला वाटतं. दोघींचंही खरं आहे. एकाच खुर्चीत दोघींना बसवलंत तर बहुधा माझा आवाज जाईल. आणि शुभार्थी एकच नको, निदान दोन हवेत. एकट्या माणसाचं म्हणणं ‘हा त्यांचा वैयक्तिक अनुभव’ म्हणून बाजूला सारलं जातं.

एक्सपीरियन्स-बेस्ड को-डिझाइन नावाची, पेशंट आणि कर्मचाऱ्यांनी आपापल्या अनुभवांवरून सेवा मिळून घडवायची पद्धत आहे, तिच्यातून एक गोष्ट जरूर उचला: कर्मचारी आणि पेशंट आधी वेगवेगळे बसतात, अनुभव सांगतात, आपापले मुद्दे ठरवतात आणि मगच एकत्र येतात. तोवर आमच्या जिभेवरची भीती थोडी उतरलेली असते. नर्सबाईंचीही उतरलेली असते, कारण आता आपल्यावर आरोप होणार असंच त्या धरून आलेल्या असतात.

बैठक सकाळी ठेवू नका. रात्रीच्या औषधांची गुंगी अनेकांना दहा-अकरापर्यंत असते. कागद आठवडाभर आधी, साध्या भाषेत पाठवा. वेळेचा मोबदला आणि येण्याजाण्याचं भाडं त्याच दिवशी हातात द्या. त्या टेबलाशी बाकी सगळे पगारावर बसलेले असतात. कोणालाही ‘तुमची कहाणी सांगा’ म्हणून भरीला घालू नका. मला भरती केलं त्या रात्रीबद्दल मी बोलेन किंवा बोलणार नाही. लॅबच्या वेळेवर बोलायला त्या रात्रीची गरज नाही.

मध्येच कोणी आजारी पडलं तर काय करायचं, हे त्या माणसाबरोबर आधीच लिहून ठेवा: फोन कोणाला करायचा, कोणाला नाही, बरं वाटेपर्यंत जागा राखून ठेवायची की नाही. माझी जागा चार महिने राखली होती. परत आले तेव्हा टेबलावर माझ्या नावाची फाईल होती, त्या चार महिन्यांच्या इतिवृत्तांसकट.

हे सगळं उपकार म्हणून करायचं नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, ज्यात दीर्घकाळचे मानसिक आजारही येतात, कलम ४ (३) आहे: आमच्याविषयीचे निर्णय घेताना आमच्याशी सल्लामसलत करणं आणि आम्हाला सक्रिय सहभागी करून घेणं हे सरकारांवरचं बंधन आहे.

आणि उत्तर द्या. ‘तुम्ही हे सांगितलंत, आम्ही हे केलं’ असा फलक लावा, आणि जे जमलं नाही तेही कारणासकट त्यावर लिहा. आमचा फलक औषधांच्या खिडकीशेजारी आहे. वर रक्त घेण्याची नवी वेळ लिहिली आहे. खाली लिहिलं आहे: ‘संध्याकाळची ओपीडी: सध्या नाही, मानसोपचारतज्ज्ञ एकच आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा चर्चा.’ त्या चर्चेची तारीख मी डायरीत लिहून ठेवली आहे.