आठ घरांत एक पुस्तक: गटाने मिळून स्वयंपाक करायला पाककृतींचं पुस्तक कसं निवडावं

महिन्यातून एकदा जमायचं, सगळ्यांनी एकाच पुस्तकातला एकेक पदार्थ करून आणायचा आणि मिळून जेवायचं, असा बेत भिशीत, सोसायटीत किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात ठरतो. मग तासभर चर्चा होते ती मेनूची. पुस्तक मात्र कुणाच्या तरी कपाटात होतं म्हणून ठरतं, आणि घोळ तिथेच होतो. एकट्याने वापरायला उत्तम असलेलं पुस्तक गटाला चालेलच असं नाही. पुस्तकात जे लिहायचं राहिलंय ते सरावलेला हात आपोआप भरून काढतो. आठ घरांत आठ हात ते आठ तऱ्हांनी भरतात.

पहिली पारख मापांची. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याचं माप घराघरांत रुळलं. सोयीचं माप आहे, पण वाटी म्हणजे केवढी? स्टीलची आमटीची वाटी १०० मिलीची असते तशी २०० मिलीचीही असते. सगळं जिन्नस वाटीतच मोजलं असेल तर काही बिघडत नाही. मोदकाच्या उकडीला वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, मग वाटी कुठलीही घ्या. अडचण येते ती आमटीत: ‘एक वाटी तूरडाळ, चार मिरच्या, लिंबाएवढी चिंच, एक चमचा गोडा मसाला.’ मोठ्या वाटीच्या घरात डाळ दुप्पट पडते, मिरच्या आणि मसाला तेवढाच राहतो. एका घरची आमटी जहाल आंबट, दुसरीकडचं नुसतं वरण, आणि दोघांनीही पुस्तक तंतोतंत पाळलेलं असतं. चमच्याचंही तेच. चहाचा चमचा ५ मिली, मोठा टेबलस्पून १५ मिली. मिठाच्या बाबतीत हा तिपटीचा फरक म्हणजे पदार्थ फुकट.

म्हणून पुस्तक हातात आलं की आधी प्रस्तावना उघडा. वाटी किती मिलीची, चमचा कुठला, हे तिथे दिलेलं असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर गटाने आपलं माप ठरवावं: वाटी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, वाटी काठोकाठ पाण्याने भरायची, जितके ग्रॅम भरतील तितके मिली. सगळ्यांनी एकाच मापाच्या वाट्या घ्याव्यात, १५० मिलीची बरी पडते.

फार जुन्या पुस्तकांचा मोह वेगळाच. मराठीत छापील पाकशास्त्र १८७५ सालच्या ‘सूपशास्त्रा’पासून आहे, पण शेर-पावशेराच्या मापावर गटाने एकदम उडी घेऊ नये. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा शेर त्याहून पुष्कळ हलका. शिवाय धान्य मापायचा शेर वेगळा. अशा पुस्तकातून करायचंच असेल तर जिन्नसांचं आपसातलं प्रमाण धरावं, आकडा नव्हे.

दुसरी पारख: पुस्तकातली मोघम भाषा. ‘चवीपुरतं मीठ’ चालतं, जीभ सांगते. ‘साखरेचा पाक करून रव्यात घालावा’ चालत नाही. रव्याच्या लाडवांची कृती काढून बघा, त्यावर पुस्तक कळतं. दोन वाट्या बारीक रवा, अर्धी वाटी तूप, दीड वाटी साखर, साखरेच्या निम्मं पाणी, इतपत बहुतेक ठिकाणी सापडेल. पाहायचं ते पुढचं. पाक एकतारी हवा, हे लिहिलंय का? थेंब जरा निववून बोटाच्या चिमटीत धरला आणि बोटं अलग केली की एक तार दिसली पाहिजे, ही खूण दिली आहे का? रवा पाकात घातल्यावर मिश्रण तास-दोन तास मुरू द्यायचं, मधून हलवायचं, हे? पाक पुढे गेला तर मिश्रण कोरडं पडून लाडू दगड होतात. कच्चा राहिला तर वळलेला लाडू ताटात बसकण मारतो. कोरड्या मिश्रणाला गरम पाण्याचा हबका, सैल मिश्रणाला आणखी वेळ. बिघडलं तर काय करायचं हे सांगणारं पुस्तक गटाला सोन्यासारखं, कारण गटात निदान दोघं तरी तो पदार्थ आयुष्यात पहिल्यांदा करत असतात.

त्याच ओघात दडलेला वेळही शोधा. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. हे कृतीच्या चौथ्या ओळीत लपलं असेल तर शनिवारी संध्याकाळी पुस्तक उघडणाऱ्याचा रविवार गेला.

आता पेन्सिल घेऊन अनुक्रमणिकेला बसा. आठ जण, सहा महिने, म्हणजे ४८ पदार्थ. जे डब्यातून नेता येत नाहीत, ज्यांना बहुतेकांकडे नसलेलं भांडं लागतं, गटातल्या कुणाला चालत नाहीत, त्यांवर काट मारा. कांदा-लसूण न खाणारे, उपासवाले आधीच विचारून ठेवा. शेंगदाणे न चालणारा एक जरी असला तरी कूट घातलेल्या भाज्या किती आहेत ते मोजा, मराठी पुस्तकात यादी झरझर आटते. काटछाट करून सत्तरेक पदार्थ उरले तर निवडीला जागा राहते. तेही सगळ्या प्रकारांत विखुरलेले हवेत. साठ गोडाचे पदार्थ आणि आठ भाज्या असलेलं पुस्तक दिवाळीपुरतं ठीक.

‘हजार पाककृती’ छापाच्या जाड ग्रंथापेक्षा एकाच प्रांताचं किंवा एकाच समाजाचं दोनशे पानी पुस्तक घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. कारण साधं आहे, मसाला. वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी सगळं एकाच पुस्तकातून करायचं तर प्रत्येकाने चार मसाले करायचे, आणि प्रत्यक्षात कुणीच करत नाही. तयार पाकीट आणतात नि सगळ्या भाज्या एका चवीच्या होतात. एका प्रांताचं पुस्तक असलं की एकाने पुस्तकाप्रमाणे मसाला करून सगळ्यांना वाटावा. पाव किलो धन्यांच्या अंदाजाने केलेला गोडा मसाला आठ घरांना ५०-५० ग्रॅम सहज पुरतो. भारताबाहेरच्या गटांनी तिरफळ, दगडफूल, कोकम मिळतं का, हे पुस्तक घेण्याआधी बघावं.

बहुतेक कृती चौघांसाठी असतात. दुप्पट करताना डाळ, भाजी, खोबरं दुप्पट. फोडणीचं तेल दीडपट पुरतं, तिखट आणि मीठ आधी दीडपटच घालून मग चाखत वाढवावं. रश्श्याचं पाणी दुप्पट करू नका, मोठ्या पातेल्यात त्या मानाने कमी आटतं आणि रस्सा पचपचीत होतो. कोशिंबिरीला मीठ-दही तिथे पोचल्यावर. थालीपीठ करून नेऊ नये, भिजवलेलं पीठ न्यावं.

पुस्तक सगळ्यांकडे एकाच आवृत्तीचं असावं. आवृत्ती बदलली की पानं सरकतात, कधी मापंही सुधारलेली असतात, म्हणून ग्रुपवर ‘पान ११२’ असं न लिहिता पदार्थाचं पूर्ण नाव लिहावं. सगळं पुस्तक स्कॅन करून फिरवणं बेकायदा, आणि मोबाइलवर पिठाच्या हातांनी वाचवतही नाही. आठ प्रती महाग पडत असतील तर दोघांत एक घ्या.

पैसे घालण्याआधी एक चाचणी करावी. वाचनालयातून प्रत आणून तिघांनी आपापल्या घरी, एकमेकांना न विचारता, त्यातली एकच साधी आमटी करायची आणि तीन वाट्या शेजारी ठेवून चाखायची. थोडा फरक राहणारच. पण एक पळीवाढी, दुसरी पाणी, तिसरी आंबट ढाण अशी तऱ्हा असेल तर कृतीत कुठली जागा मोकळी सुटली आहे ते शोधा. बहुधा ती ‘लिंबाएवढी चिंच’ असते. तिघांचे गोळे वजन करून बघा, गटाचा आकडा ठरवा आणि प्रत्येक प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर वाटी-चमच्याच्या मापाखाली तोही पेनने लिहून ठेवा.