कोथरूडहून मुंढव्यापर्यंत: पुण्यात इंडी गिगला कसं जायचं

पुण्यातल्या माणसाला गाणं ऐकायला कसं जायचं हे खरं तर शिकवायची गरज नाही. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, आमच्या घरी डिसेंबर आला की शाल, थर्मास आणि बसायची सतरंजी आपोआप दारापाशी येऊन बसतात. पण हीच माणसं, म्हणजे मी पण त्यातलीच, स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारा एखादा चार जणांचा बँड नदीपलीकडे वाजवतोय म्हटलं की एकदम थकतात. "एवढ्या लांब कोण जाणार", "पार्किंग मिळणार नाही", "उद्या ऑफिस आहे". मी पण पाच-सहा वर्षं फेसबुकवर फक्त इंटरेस्टेड दाबत होते आणि घरी बसून इन्स्टावर स्टोऱ्या बघत होते. मग एकदा गेले आणि आता महिन्यातून दोनदा तरी जाते, तर ज्यांना अशा गिगला, म्हणजे छोट्या लाइव्ह शोला, जायचंय पण कसं-कुठे कळत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक घोळ मिटवू. पुण्यात "लाइव्ह म्युझिक" असा बोर्ड शंभर ठिकाणी असतो, पण त्यातल्या नव्वद ठिकाणी एक मुलगा गिटार घेऊन तुम्हाला आधीच पाठ असलेली पिक्चरची गाणी म्हणतो. त्यात वाईट काही नाही, त्याचं पोट आहे त्यावर, पण ते इंडी नाही. इंडी म्हणजे गाणं त्यांचं स्वतःचं, पैसे बहुतेक वेळा त्यांचेच घातलेले, मागे मोठी म्युझिक कंपनी नाही. मग भाषा इंग्रजी असो, हिंदी असो नाहीतर मराठी, रॉक असो नाहीतर रॅप. पोस्टर वाचायला शिकलात की फसत नाही. पोस्टरवर बॉलीवूड नाइट, सुफी नाइट, रेट्रो अनप्लग्ड असं काही असेल तर कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, समजा. "टूर", "ईपी लॉन्च" (ईपी म्हणजे थोड्या गाण्यांचा छोटा अल्बम), "सिंगल लॉन्च" असं असेल किंवा खाली बारीक अक्षरात अजून एका बँडचं नाव ओपनिंगला असेल तर ओरिजनल. आणि पोस्टरवर बँडच्या नावापेक्षा बिअरच्या ऑफरचा फाँट मोठा असेल तर घरी बसा, हा माझा अनुभव आहे, यावर वाद घालू नका.

आता हे सगळं कळतं कुठून. तिकिटं बुकमायशोवर असतात, डिस्ट्रिक्टवर असतात, छोट्या इंडी शोंसाठी स्किलबॉक्स पण बघत जा. पण अ‍ॅपवर "पुणे, म्युझिक" टाकलं की गरबा, स्टँडअप आणि ताऱ्याखाली गझल सगळं एकत्र येतं आणि माणूस वैतागतो. त्यापेक्षा उलटं करा, बँडना फॉलो करा. आपल्याच गावातले घ्या ना. इझी वॉन्डरलिंग्ज २०१५ पासून इथलेच, मऊ मऊ गाणी, आईला पण ऐकवता येतील अशी. अग्नी पुण्याचा बँड आहे हे, त्यांचंच टायटल साँग असलेला रोडीज टीव्हीवर बघणाऱ्या माझ्या पिढीतल्या अर्ध्या पोरांना माहीतच नव्हतं. रॅप आवडत असेल तर एमसी स्टॅन ताडीवाला रोडचा, तो २०२३ ला बिग बॉस जिंकल्यावर आमच्या सोसायटीतल्या काकूंना पण कळला, पण त्याच्या आजूबाजूनं वर आलेली पोरं अजून छोट्या स्टेजवरच वाजवतात. एका बँडला फॉलो केलं की तो दुसऱ्याला टॅग करतो, तिथून साउंडवाला मिळतो, तिथून जागा मिळते, दोन महिन्यांत तुमचं फीडच गिग कॅलेंडर होतं. अजून एक युक्ती म्हणजे मुंबईच्या तारखांवर लक्ष ठेवायचं. दिल्ली-बंगलोरचा बँड फक्त पुण्यासाठी विमानाचे पैसे घालत नाही, मुंबईचा शो लागला की आदल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी एक्स्प्रेसवेनं इकडे येतो. म्हणून आपल्याकडे चांगले शो बऱ्याचदा गुरुवारी नाहीतर रविवारी पडतात, शुक्रवार-शनिवार मुंबईनं खाल्लेले असतात.

जागा. हाय स्पिरिट्स हे नाव पुण्यातल्या कुठल्याही वाजवणाऱ्याला विचारा, कोरेगाव पार्कच्या पुढे मुंढव्याच्या बाजूला आहे, किती बँडनी आयुष्यातला पहिला शो तिथे केला असेल देव जाणे. बाकी कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर-बालेवाडीच्या ब्रुअरीज, यांचं आज आहे उद्या नाही असं असतं, दर वर्षी दोन बंद तीन चालू, त्यामुळे नावं पाठ करण्यात अर्थ नाही. ज्यांना पब नकोच असेल त्यांच्यासाठी एरंडवण्यात द बॉक्स आहे, मुळात नाटकवाल्यांची जागा पण गाणं पण होतं, खुर्चीत नीट बसून ऐकता येतं. आणि सोफार साउंड्स नावाचा प्रकार आहे, २००९ ला लंडनमध्ये सुरू झालेला, कोणाच्या तरी घरात नाहीतर स्टुडिओत जमिनीवर बसून ऐकायचं, पत्ता आदल्या दिवशी कळतो आणि कोण गाणार हे तिथे गेल्यावरच. पुण्यात पण होतात. सवाईत भारतीय बैठकीत बसायची सवय असलेल्यांना हे सगळ्यात सोपं, फक्त थर्मास नेऊ नका, लोक बघतात. मोठं म्हणाल तर एनएच सेव्हन वीकेंडर २०१० च्या डिसेंबरात इथेच कोरेगाव पार्कात सुरू झालं आणि मग देशभर गेलं, पण सुरुवात फेस्टिव्हलनं करू नका असं मी सांगेन, पाच स्टेज आणि हजारो माणसांत तुम्हाला संगीत कमी आणि रांगा जास्त दिसतील.

वेळेचं नीट ऐका, कारण पुणेकर इथेच मार खातो. पोस्टरवर आठ लिहिलंय म्हणून मी पहिल्यांदा पावणेआठला हजर. आत कोण, तर बारवाला, मी आणि स्टेजवर वाकून बसलेला ड्रमर, जो आपलं पाकीट चिकटपट्टीनं स्नेअर ड्रमवर चिकटवत होता. मला वाटलं चोरीला जाऊ नये म्हणून ठेवतोय! नंतर कळलं की ड्रमची कातडी जास्त घुमू नये म्हणून वजन ठेवतात. तर आठ म्हणजे दार आठला उघडतं. पहिला बँड साधारण नऊला, मेन बँड दहाच्या आसपास. पण हे बंद जागेचं गणित. शो गच्चीवर, लॉनवर, उघड्यावर असेल तर सगळं बदलतं, कारण रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, २००० सालचा केंद्राचा नियम आहे, गणपतीत जे बारापर्यंत चालतं ती वर्षातल्या मोजक्या दिवसांची सूट. त्यामुळे उघड्यावरचा शो सहा-सातला खरंच सुरू होतो आणि दहाला खटकन बंद होतो, बँड शेवटचं गाणं म्हणत असला तरी. तिथे मात्र आपली वेळेवर पोचायची पुणेरी सवय वापरा.

आणि ओपनिंग अ‍ॅक्ट चुकवू नका, कृपा करा. बहुतेक लोक मेन बँडच्या वेळेला उगवतात आणि त्याआधी वाजवणारी बिचारी पोरं रिकाम्या खुर्च्यांना गाणं म्हणतात. मला सगळ्यात आवडलेले तीन बँड मी असेच, लवकर पोचले म्हणून ऐकलेत. एक गोष्ट लक्षात ठेवा, पहिल्या गाण्यावरून बँडची परीक्षा करू नका. साउंडचेक, म्हणजे शोच्या आधीची आवाजाची तपासणी, रिकाम्या हॉलमध्ये झालेला असतो, माणसं भरली की कपडे आणि अंगं आवाज शोषतात, साउंडवाल्याला सगळं परत लावावं लागतं, दोन गाणी तरी शब्द कळत नाहीत. तिसऱ्यापासून ऐका.

उभं कुठे राहायचं? साउंडवाल्याच्या कन्सोलजवळ, म्हणजे त्याच्या बटणांच्या टेबलाजवळ. तो स्वतःच्या कानानं ऐकूनच सगळं ठरवतोय ना, मग त्याला जे ऐकू येतंय तेच तुम्हाला येणार. त्याच्या पुढ्यात मात्र नको, आणि त्याच्या टेबलावर ग्लास तर अजिबात ठेवू नका, मी ठेवला होता एकदा, ज्या नजरेनं बघितलं त्यानं, बापरे. कोपऱ्यात बास नुसता गुरगुरतो. स्टेजच्या अगदी पुढे गेलात तर मजा येते पण गायकाचा आवाज कमी आणि ड्रम जास्त ऐकू येतो, कारण गाण्याचे स्पीकर दोन्ही बाजूंना असतात आणि ड्रम समोर नागडा वाजतोय. आणि त्या बाजूच्या स्पीकरला टेकून उभं राहू नका. मी एका शोला गर्दीमुळे दीड तास तशी उभी होते, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कानात शिट्टी आणि बॉस काय म्हणतोय कळेना, नुसती मान हलवली आणि एक जास्तीचं काम पदरात पडलं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० असेल तर ४ तास आणि १०० असेल तर फक्त २० मिनिटं. छोट्या पबात रॉक शो म्हणजे शंभरीच्या आसपास सहज जातो. तेव्हा मेडिकलमधून कानात घालायचे फोमचे बोळे घेऊन ठेवा, चिल्लर पैशांत मिळतात. मान्य आहे दिसायला म्हातारं दिसतं. पण नीट बघा, स्टेजवरच्या बऱ्याच जणांच्या कानात काहीतरी असतंच.

एकटं जायचं का? हो. कंपनी शोधत बसाल तर कधीच जाणार नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सात जण हो म्हणतात आणि संध्याकाळी सहाला एकेकाचं डोकं दुखायला लागतं. मी बाई माणूस, एकटी जाते, पहिले दोन शो जरा अवघडल्यासारखं झालं, हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं म्हणून लिंबू सोडा घेऊन उभी राहायचे. हो, प्यायलाच पाहिजे असं काही नाही, कोणी विचारत नाही. फक्त ओळखपत्र खरं ठेवा जवळ, महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वय लागतं, आणि पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर दारावर कडक बघतात. बऱ्याच पबमध्ये २१ च्या आत प्रवेशच नसतो, तर फर्स्ट इयरच्या पोरांनो, कॉलेज फेस्ट आणि द बॉक्ससारख्या जागा पकडा.

पैशाचं. मी आजवर साधारण ३०० ते ८०० ची तिकिटं काढलीत. दारावर "कव्हर" (इथे गाणी नव्हे, आत जायचे पैसे) म्हणाले तर विचारून घ्या की ते खाण्यापिण्यात वळतं का, कारण वळत असेल तर ते पैसे बहुतेक हॉटेलच्या बिलात जातात, आणि नुसतं तिकीट असेल तर बँडला काहीतरी मिळायची शक्यता जास्त. "गेस्टलिस्टवर टाक ना" हे बँडमधल्या मित्राला म्हणू नका. मित्र आहे म्हणूनच तिकीट काढा. शो संपल्यावर कोपऱ्यात टेबल असतं, टीशर्ट, स्टिकर, कधी कॅसेट पण, आणि त्यावर क्यूआर कोड. तिथे जो कंटाळलेला माणूस बसलेला असतो तोच पाच मिनिटांपूर्वी बास वाजवत होता. बोला त्याच्याशी, "तिसरं गाणं भारी होतं" एवढं म्हटलं तरी चेहरा उजळतो. एक टीशर्ट घेतलात तर त्यातून त्यांना जे मिळतं ते तुम्ही वर्षभर मोबाइलवर त्यांचं गाणं रोज एकदा लावलंत तरी मिळणार नाही.

गाणं चालू असताना मागे उभं राहून फ्लॅटच्या ईएमआयबद्दल मोठ्यानं बोलणारे लोक, यांच्याबद्दल मी वेगळं लिहीन. सवाईत कोणी असं केलं असतं तर पुढच्या रांगेतल्या आजींनी नुसत्या वळून बघण्यानं मारलं असतं. इथे पण चालतं ते, वळून बघा.

राहिलं परत येणं, आणि खरं सांगायचं तर पुण्यात गिगला जायचं की नाही हे यावरच ठरतं. जायला त्रास नाही. वनाजहून मेट्रोनं अर्ध्या तासात बंडगार्डन, तिथून रिक्षा. ही लाइन रामवाडीपर्यंत २०२४ च्या मार्चमध्ये पूर्ण झाली आणि माझं गिगला जाणं तेव्हापासूनच वाढलं, योगायोग नाही. पण मेट्रो रात्री अकराच्या सुमारास आटोपते आणि मेन बँड तेव्हा कुठे रंगात आलेला असतो. तर एक तर पावणेअकराला मन घट्ट करून निघा, नाहीतर कॅबचे पैसे तिकिटातच धरून चाला, म्हणजे ५०० चं तिकीट हे खरं ९०० चं आहे असं समजा. दारासमोर उभं राहून कॅब बुक करू नका, शो सुटला की सगळे तेच करतात आणि भाव चढतो, दोन गल्ल्या चालत मोठ्या रस्त्याला या. बारानंतर रिक्षाला नाइट चार्ज लागतो, तो मीटरवर किती ते आधी बोलून घ्या. दुचाकी नेत असाल तर पिऊ नका, नाकाबंदी असते आणि नसली तरी नका.

पुढच्या गुरुवारी मी जातेय, मुंढव्याला, दोन बँड आहेत आणि पहिला कोणी ऐकलेला नाही. कर्वे रोडच्या बाजूनं कोणी येणार असेल तर सांगा, येताना कॅब अर्धी अर्धी करू. साडेआठला तिथे असायचं, मी थांबणार नाही.