सोलर घेताय? आधी लाइट किती जाते ते बघा

सांगलीत छतावर सोलर बसवणारे बरेच जण धरून चालतात, की आता लाइट गेली तरी घर चालू. तसं नसतं. साधी ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेली, बिनबॅटरीची) सिस्टिम महावितरणचा पुरवठा गेला की भर उन्हातसुद्धा बंद पडते. सोलरची वीज लाइनवर जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बॅकअप हवा तर हायब्रिड (बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (3 किलोवॅटला 78,000 रुपये) बॅटरीमुळे वाढत नाही. लाइट क्वचितच जात असेल तर माझ्या मते नुसतं नेट मीटरिंग (जास्तीची वीज महावितरणला द्यायची, ती बिलातून वजा होते) पुरे. क्षमता वर्षभराच्या बिलांवरून ठरवा. 1 किलोवॅट दिवसाला साधारण 4 युनिट देतो, पावसाळ्यात कमी. आणि कृष्णाकाठी राहत असाल तर 2019 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते बघून इन्व्हर्टर-बॅटरी त्याच्या वरच बसवून घ्या.