सांगगाम जडणकाम करताना या चुका टाळा

कोरियात गोर्यो राजवटीच्या काळात, बाराव्या शतकात, फिकट हिरव्या ग्लेझच्या (काचेसारख्या चकचकीत लेपाच्या) सेलाडॉन भांड्यांवर बहरलेली सांगगाम ही जडणकामाची पद्धत आजही इचॉन आणि गांगजिन येथील कुंभकार वापरतात. कच्च्या भांड्यावर नक्षी कोरून खाचांत पांढरी किंवा लोहयुक्त तांबडी माती भरायची, वरचा थर खरवडून मग भाजायचे, एवढीच तिची कृती आहे. बिघाड मात्र भट्टी उघडल्यावर दिसतो आणि त्याचे मूळ बहुधा ओलीचा अंदाज चुकण्यात असते.

नखाने दाबल्यावर खूण उमटावी, पण माती बोटाला चिकटू नये, अशा अवस्थेत कोरावे. त्याआधी कोरल्यास खाचेच्या कडा फुगून वर येतात आणि उशीर झाल्यास टवके उडतात.

सर्वांत महागात पडते ती भरणीची घाई. पातळ केलेल्या मातीत पाणी जास्त असल्याने ती भांड्यापेक्षा अधिक आकसते. खाच एकाच वेळी भरली की नक्षी खोलगट बसते, कडेने केसासारखी फट पडते आणि कधी कधी तुकडाच निखळतो. म्हणून पातळ थर देत, प्रत्येक थर थोडा आवळू देत, शेवटी भरणी पृष्ठभागाच्या किंचित वर येईपर्यंत भरावे आणि भांडे प्लास्टिकखाली सावकाश वाळवावे. भरणीची माती आणि भांड्याची माती यांचे आकुंचन आधी एखाद्या लहान फरशीवर पडताळून पाहावे. हा एक दिवस वाया गेला असे वाटते, पण तो जात नाही.

गोर्यो नक्षीतला करकोचा पाहा: अंग पांढरे, चोच आणि पाय काळे. हा काळा रंग तांबड्या मातीचा असतो. ती ग्लेझखाली भाजल्यावर काळी पडते. दोन्ही रंग एकदम भरून, माती अजून चिकट असतानाच खरवडले, तर तांबडा ओरखडा पांढऱ्या पंखावर ओढला जातो आणि भाजल्यावर तो काजळीच्या डागासारखा दिसतो. पांढरे काम आधी पुरते खरवडून घ्यावे, पायांच्या खाचा नंतर कोराव्यात आणि पाते प्रत्येक वेळी पुसावे.

ग्लेझ जाड दिल्यास त्यातल्या बुडबुड्यांआड नक्षी धूसर होते. भट्टीत ऑक्सिजन कमी राखला नाही, तर ग्लेझमधील लोहामुळे हिरव्याऐवजी पिवळट किंवा तपकिरी छटा येते.

प्रत्येक असमानता मात्र दोष नसते. पंधराव्या-सोळाव्या शतकातील बुनचॉंग, म्हणजे पांढऱ्या मातीचा लेप दिलेल्या कोरियन भांड्यांत ठशांची नक्षी आणि ब्रशचे मोकळे फटकारे मुद्दाम राहू दिलेले असतात, आणि युन क्वांग-चो यांच्यासारख्या समकालीन कलावंतांनी हाच मोकळेपणा पुढे नेला आहे. अशा कामाला सेलाडॉनचा काटेकोरपणा लावणे हीही चूकच आहे. सांगगामच्या तंत्राला अनेक स्टुडिओंत सर्रास ‘मिशिमा’ म्हणतात. ते जपानी नाव असून कोरियन कामाबद्दल लिहिताना सांगगाम हाच शब्द योग्य ठरतो.

खरवडणे नेहमी माती ओलसर असतानाच करावे. पूर्ण सुकल्यावर पाते चालवल्यास सिलिकायुक्त धूळ फुफ्फुसांत जाते, त्यामुळे टेबल झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावे.