जीआयएस शिकायचंय? बटणं नंतर, आधी डेटा बघा

एमए-एमएस्सीच्या पोरांचं जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडून अभ्यास करणं) प्रॅक्टिकल घेतो, त्यामुळे दरवर्षी ठरलेला प्रश्न येतो, सर आर्कजीआयएस शिकू का क्यूजीआयएस? अरे बाबा, सॉफ्टवेअरच ती दोन्ही, पण आर्कचं लायसन्स विद्यापीठाचं, डिग्री झाली की गेलं, क्यूजीआयएस फुकट आहे आणि तुझ्याच लॅपटॉपवर राहतंय, विषय संपला. बटणं यूट्यूब बघून पण जमतात.

पोरं अडकतात ती प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत. शाळेभोवती ५०० मीटरचा बफर म्हणजे पट्टा काढायला जातात नि अख्खी स्क्रीन रंगून निघते, कारण लेयर (नकाशाचा थर) अक्षांश-रेखांशात असतो आणि सॉफ्टवेअर ५०० म्हणजे ५०० अंश धरतं! आधी तो यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये आणा. त्याचा झोन आपल्याकडे ७८ अंश पूर्व रेखांशावर बदलतो, म्हणजे पुणे काय अमरावती काय ४३ मध्ये, पण वर्धा-नागपूर ४४ मध्ये, विदर्भावर काम करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी बघून घ्या.

दुसरी डोकेदुखी जनगणनेचा तक्ता नकाशाला जोडायची. गावाच्या नावावर जॉइन करूच नका, एकीकडे 'वडगाव बुद्रुक', दुसरीकडे 'वडगाव बु.', तिसरीकडे नुसतं 'वडगाव', आणि वडगावं तर तालुक्या-तालुक्यात. गावाचा कोड असतो तो वापरा. आणि २०११ च्या आकड्यांत पालघर जिल्हा शोधू नका, तो २०१४ ला ठाण्यातून निघाला, त्यामुळे नवीन जिल्ह्यांची शेपफाइल (नकाशाची फाइल) घेतली की तो रिकामाच दिसणार, मग तालुक्यांवरून बेरीज करत बसा. रटाळ काम आहे पण प्रबंधातला निम्मा वेळ यातच जातो, गाइड हे आधी सांगत नाहीत.

नवीन शिकवायला लागला असाल तर पहिलं प्रॅक्टिकल लॅबमध्ये घेऊच नका. मोबाइलवर क्यूफील्ड हे नकाशाचं अ‍ॅप टाकून पोरांना गावातल्या विहिरी टिपायला पाठवा, परत आल्यावर पॉइंट सॅटेलाइट इमेजवर टाका, एखादी विहीर शेजारच्याच्या घरात निघते आणि जीपीएसची अचूकता म्हणजे काय ते न शिकवता कळतं.

पिकांवर काम असेल तर सेंटिनल-२ उपग्रह घ्या, एक ठिपका १० मीटरचा अशी इमेज फुकट मिळते. फक्त खरिपाचा विषय घेताना जरा विचार करा, जुलै-ऑगस्टमध्ये कोकणाची बिनढगांची इमेज मिळणं म्हणजे नशीबच, तिथे ढगांतूनही बघणारं सेंटिनल-१ चं रडार घ्यावं लागतं आणि ते शिकायला वेगळा वेळ काढा.