व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये कारकीर्द कशी घडवावी : मुंबईतील नव्या खेळाडूंसाठी

व्हीलचेअर बास्केटबॉल खेळण्यासाठी रोजच्या जीवनात व्हीलचेअर वापरत असणे आवश्यक नाही. हे सुरुवातीलाच सांगणे भाग आहे, कारण या एका गैरसमजापायी अनेक गुणी तरुण मैदानाकडे फिरकतच नाहीत. लहानपणी पोलिओ झालेले, लोकलच्या अपघातात पाय गमावून कृत्रिम पायावर चालणारे, मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे कमरेखालची हालचाल गेलेले, असे सगळेच या खेळात येतात. पायांतील व्यंग कायमस्वरूपी असावे आणि त्यामुळे उभ्याने, धावत बास्केटबॉल खेळता येत नसावा, ही मूळ अट आहे.

पहिले काम कागदपत्रांचे. ज्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र, नाही त्यांनी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातून दिव्यांगत्वाची तपासणी करून घ्यावी. शासकीय सवलतींसाठी सामान्यतः किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. या प्रमाणपत्राचा खेळातील वर्गीकरणाशी मात्र काहीही संबंध नाही. ते वर्गीकरण पूर्णपणे वेगळ्या पद्धतीने होते आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

देशातील या खेळाचा कारभार २०१४ मध्ये स्थापन झालेला व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया हा महासंघ पाहतो. त्याच्या उभारणीत चेन्नईच्या माधवी लता यांचा मोठा वाटा आहे. महासंघाकडून महाराष्ट्राच्या संघटनेचा संपर्क मिळवावा आणि मुंबईतील सराव सध्या कोठे व कोणत्या वेळी चालतो, हे थेट विचारावे. सरावाची मैदाने बदलत असतात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून लांबचा प्रवास करू नये. हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी उपचार घेत असाल, तर तेथील फिजिओथेरपिस्टकडेही चौकशी करावी. मैदान पाहायला जाल तेव्हा बास्केटच्या आधी स्वच्छतागृह पाहावे, असा माझा आग्रह आहे. कॅथेटर (लघवीसाठीची नळी) वापरणाऱ्या खेळाडूला, आणि त्यातही मुलींना, व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह नसेल तर हे खेळाडू पाणी पिणेच कमी करतात, आणि मुंबईच्या दमट हवेत त्याचे परिणाम फार लवकर भोगावे लागतात.

मैदान उभ्याने खेळणाऱ्यांचेच असते : २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि रिंग ३.०५ मीटर उंचीवर. तीच १० मिनिटांची चार सत्रे, शॉट घेण्यासाठी तेच २४ सेकंदांचे बंधन. म्हणूनच नागपाड्याच्या किंवा माटुंग्याच्या कोर्टवर संध्याकाळी चालणारे उभ्याचे सामने बसून पाहणे हाही अभ्यासच आहे; जागा कशी मोकळी होते आणि पास कोणत्या क्षणी निघतो, हे तेथे स्पष्ट दिसते. फरक चेंडू नेण्याच्या नियमात आहे. चेंडू हातात किंवा मांडीवर असताना चाकांना सलग दोनदाच रेटा देता येतो. तिसऱ्या रेट्याच्या आत ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणे), पास किंवा शॉट घ्यावा लागतो. तसे न केल्यास ट्रॅव्हलिंग नावाचा नियमभंग होतो. ड्रिबल थांबवून पुन्हा सुरू करण्यास मात्र येथे मनाई नाही.

आता वर्गीकरण. माझ्या मते नव्या खेळाडूने सर्वांत नीट समजून घ्यावी अशी हीच गोष्ट आहे. प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ यांदरम्यान, अर्ध्या गुणाच्या टप्प्याने, एक गुणांक दिला जातो. तो देताना प्रशिक्षित वर्गीकरणकर्ते खेळाडूचे धड किती साथ देते, तो पुढे आणि बाजूला किती झुकून परत सरळ होऊ शकतो, हे प्रत्यक्ष खेळताना पाहतात. ज्याचे धडावर जवळजवळ नियंत्रण नाही त्याला १, तर ज्याला सर्व दिशांना झुकता येते त्याला ४.५ गुण मिळतात. आंतरराष्ट्रीय सामन्यात कोर्टवरील पाच जणांची बेरीज १४ पेक्षा जास्त होता कामा नये.

ही बेरीज एकदा कागदावर मांडून पाहावी. ४.५ गुणांचे दोन आणि ३ गुणांचा एक असे तीन तगडे खेळाडू प्रशिक्षकाने उतरवले की १२ गुण संपले. उरलेल्या दोन जागांवर १ गुणाचेच खेळाडू हवेत. याचा अर्थ असा, की ज्याची दुखापत सर्वांत गंभीर आहे, त्याच्यासाठी संघात जागा नियमानेच राखली गेलेली आहे. कमी गुणांक मिळाला म्हणून खट्टू होणारे तरुण पाहिले की वाईट वाटते, कारण १ किंवा १.५ गुणाचा जो खेळाडू आपली खुर्ची अचूक जागी आडवी घालून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवतो आणि मोठ्या गुणांकाच्या सहकाऱ्याला रिंगपर्यंत मोकळा रस्ता करून देतो, तो बास्केट न करताही सामना फिरवतो. तुमची स्पर्धा संपूर्ण संघाशी नसून तुमच्याच गुणांकाच्या खेळाडूंशी आहे, हे ओळखून सराव आखावा. कमी गुणांकाच्या खेळाडूने खुर्ची अडवण्याचे आणि अचूक पासचे काम पक्के करावे. मोठ्या गुणांकाच्या खेळाडूकडून रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे) आणि दाटीत घेतलेले शॉट अपेक्षित असतात. वर्गीकरणाच्या वेळी क्षमता मुद्दाम लपवणे हा गंभीर गुन्हा मानला जातो आणि त्यासाठी बंदी येऊ शकते.

खुर्चीच्या बाबतीत घाई करू नये. खेळाच्या खुर्चीची चाके खाली फाकलेली असतात, त्यामुळे ती चटकन वळते आणि सहजी कलंडत नाही. मागे तोल सावरणारे छोटे चाक आणि पुढे पायांसमोर संरक्षक दांडी असते. सुरुवातीला संघाची खुर्ची वापरावी आणि आपला गुणांक निश्चित झाल्यावरच मापाची खुर्ची बनवून घ्यावी, कारण बैठकीची कमाल उंची गुणांकावर ठरते : ३ गुणांपर्यंत ६३ सेंटिमीटर आणि ३.५ पासून पुढे ५८ सेंटिमीटर. चाके काढता येणारीच घ्यावीत. फाकलेल्या चाकांची खुर्ची चाळीच्या किंवा जुन्या इमारतीच्या दारातून सहसा जात नाही आणि लोकलच्या दिव्यांग डब्यात गर्दीच्या वेळी ती चढवणे फार कठीण असते. शक्य असल्यास ती मैदानावरच ठेवण्याची सोय मागावी आणि पावसाळ्यात बेअरिंग कोरडी करून वंगण घालावे.

पहिले काही महिने शॉटपेक्षा खुर्ची चालवण्याला द्यावेत : जोरात निघणे, जागच्या जागी थांबणे, दोन्ही बाजूंना वळणे, आणि पडल्यावर खुर्चीसह स्वतः उठणे. शॉट बसून घ्यायचा असल्याने पायांचा जोर मिळत नाही. रिंगच्या अगदी जवळून सुरुवात करून मनगटाची पद्धत बसली की मगच अंतर वाढवावे.

शरीराची काळजी हा कारकिर्दीचाच भाग आहे. जे खांदे बास्केट करतात, तेच दिवसभर खुर्चीही रेटतात आणि शरीर पलंगावर उचलूनही घेतात. त्यामुळे ते लवकर झिजतात. पाठीचे व खांद्यामागचे स्नायू बळकट करणारे व्यायाम रबरी पट्ट्यांनी घरीही करता येतात. संवेदना नसलेल्यांनी सरावानंतर दररोज आरशात त्वचा पाहावी, कारण एक दुर्लक्षित बेडसोर, म्हणजे सतत दाबामुळे होणारी जखम, संपूर्ण मोसम हिरावून घेतो. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जूला दुखापत असेल, तर अचानक डोके ठणकणे आणि चेहरा लाल होऊन घाम येणे हे रक्तदाब धोकादायकरीत्या वाढल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी खेळ थांबवून सरळ बसावे, कॅथेटर अडकला आहे का ते पाहावे आणि आराम न पडल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे. एरवी अशा खेळाडूंना दुखापतीखालच्या भागात घामही पुरेसा येत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी लवकर ठेवावा आणि सोबत ओला टॉवेल बाळगावा.

पैशाविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. केवळ या खेळावर पोट भरेल अशी परिस्थिती आज आपल्याकडे नाही, त्यामुळे शिक्षण किंवा नोकरी सोडून सरावाला लागू नये. जर्मनी, स्पेन, इटली आणि तुर्कस्तान येथील लीगमध्ये परदेशी खेळाडू करारावर खेळतात, तर अमेरिकेतील इलिनॉय आणि अलाबामा या विद्यापीठांचे स्वतःचे संघ आहेत; तेथपर्यंतची वाट राज्य संघ, राष्ट्रीय स्पर्धा आणि भारतीय संघ अशी जाते. दरम्यान, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी कोणती स्पर्धा आणि कोणते स्थान ग्राह्य धरले जाते, हे शासन निर्णयात लिहिलेले असते, म्हणून स्पर्धेला जाण्यापूर्वीच तो वाचावा. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, निवडीचे पत्र आणि संघाची अधिकृत यादी यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. क्रीडा विभागाकडून पडताळणी होताना हीच कागदपत्रे मागितली जातात आणि काही वर्षांनी ती आयोजकांकडे मिळतीलच असे नसते.